जोस्टाबेरीची खरड छाटणी

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी मी दुसऱ्यांच्या मालकीच्या दोन जोस्टाबेरीच्या झुडपांची खरड छाटणी केली. झुडपं तेव्हा फुलावर होती.

फुलं मला दिसली नाहीत असं नाही. पण ती इतकी बारीक, हिरवट-तांबूस आणि खाली तोंड करून लटकलेली होती की मी त्यांना पालवीचाच काहीतरी प्रकार समजलो. माझ्या डोक्यात फूल म्हणजे मोगरा, जास्वंद, फार तर सदाफुली. पेठेत वाढलेल्या माणसाला याहून जास्त फुलं माहीत असायचं कारण नाही, आणि अशा माणसाच्या हातात सिकेटर असायचंही कारण नाही. पण सिकेटर होतं. लग्नात आहेर म्हणून सासऱ्यांनी दिलेलं. तासगावकडचे पिढीजात द्राक्षबागायतदार. जावयाला घड्याळ न देता छाटणीची कात्री देणारा दुसरा सासरा मला तरी माहीत नाही. ते मी नऊ वर्षांपूर्वी जपानला येताना बॅगेत घालून आणलं आणि टोकियोतल्या हिगाशी-कसाईच्या पाचव्या मजल्यावर नऊ वर्षं त्यानं दुधाचे कागदी डबे आणि कुरिअरचे खोके कापले.

द्राक्षाबद्दल मला एवढंच माहीत की छाटणी वर्षातून दोनदा. एप्रिलात खरड छाटणी: साऱ्या काड्या एक-दोन डोळ्यांवर, म्हणजे कोंबांवर, आणायच्या, वेल पार भुंडी करून टाकायची. मग ऑक्टोबरात गोडी छाटणी, आणि तिच्यानंतर माल. दर एप्रिलात सासरच्या ग्रुपवर भुंड्या बागांचे फोटो येतात, खाली पुतणे-भाचे अंगठे दाखवतात, मीही दाखवतो. इतकी वर्षं नुसते अंगठे दाखवून मला वाटायला लागलं होतं की यातलं आपल्यालाही थोडंफार कळतं.

आता ती झुडपं कुणाची, ते सांगतो.

आमच्या घरापासून सायकलनं पंचवीस मिनिटांवर एक छोटं शेत आहे. चारी बाजूंनी इमारती, मध्ये पालेभाजीची दोन पॉलिहाउसं, आणि उरलेल्या जागेचे लहान लहान वाफे करून ते भाड्यानं दिलेले. मालकीणबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या. घरी आम्ही त्यांना आजीच म्हणतो. बायकोनं तिथं मेथीसाठी वाफा घेतला, कारण उरायासुच्या दुकानातली मेथी तिला कधी पसंत पडली नाही. तिचं आणि आजींचं पहिल्या दिवसापासून जमलं. ती रविवारी सकाळी स्टेशनजवळच्या बेकरीत बाइतो करते, म्हणजे पार्ट-टाइम काम, त्यामुळे तिचं जपानी आता पाव विकत घेणाऱ्या बायकांइतकं सराईत झालंय. माझं ऑफिस टोकियोत, पण आमची टीम पुण्याची, भाषा इंग्रजी. माझं जपानी लिफ्ट, दुकान आणि माफी या तीन विषयांपुरतं चालतं. तिसऱ्या विषयाचा सराव जास्त.

शेताच्या कडेला, तेंदूच्या जातीतलं एक जपानी फळझाड असतं ना, काकी, त्याच्या सावलीत ही दोन झुडपं होती. माणसाच्या खांद्याला लागतील एवढी, बिनकाट्यांची. जोस्टाबेरी हे नाव तोवर मी ऐकलेलं नव्हतं. काळा करंट आणि गूजबेरी यांचा हा संकर. गूजबेरी म्हणजे आपली रसभरी नव्हे आणि आवळाही नव्हे, थंड मुलखातलं एक आंबट फळ. जोस्टाबेरीचं फळ काळपट जांभळं, करवंदाएवढं, आणि चव अशी की आधी एक डोळा मिटतो आणि मग दुसऱ्यासाठी हात पुढे जातो.

मार्चच्या शेवटी आजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. महिनाभर त्या नसणार होत्या. जाण्यापूर्वी त्यांनी आम्हा दोघांना बोलावून झुडपं दाखवली आणि सांगितलं, की जमिनीवरचं गवताचं आच्छादन हलवू नका, आणि पाऊस नसेल तर आठवड्यातून दोनदा मुळाशी पाणी घाला. बायकोनं ते मला मराठीत सांगितलं. मी मान हलवली. पाणी. गवत. सोपं.

दोन आठवडे मी पाणी घातलं. मग एप्रिलच्या त्या दुसऱ्या रविवारी सकाळी सासरच्या ग्रुपवर खरड छाटणीचे फोटो आले. बायको बेकरीत होती. मी एकटा शेतावर, हातात झारी, समोर दोन अस्ताव्यस्त झुडपं, फांद्या हव्या तिकडे गेलेल्या. माझ्या मनात आलं, बिचाऱ्या आजी. चौऱ्याऐंशी वर्षांचं वय, गुडघा असा, कोण छाटणार? परत येतील तेव्हा सगळं टापटीप दिसलं पाहिजे. घरी जाऊन सिकेटर घेऊन आलो.

दोन तास लागले. प्रत्येक फांदी दोन डोळ्यांवर. फांद्यांचे ठरल्या लांबीचे तुकडे करून, सुतळीनं मोळ्या बांधून, जळाऊ कचऱ्याच्या दिवसासाठी बाजूला ठेवल्या. नऊ वर्षांत जपाननं मला एवढं तरी नक्की शिकवलंय. त्या मोळ्या इतक्या सुबक होत्या की मी त्यांचाही फोटो काढला. मग 'आधी' आणि 'नंतर' असे दोन फोटो ग्रुपवर टाकले आणि खाली लिहिलं, 'आमच्याकडचीही खरड छाटणी आटोपली.'

अंगठे आले. मग सासऱ्यांचा फोन आला. त्यांना मी मामा म्हणतो. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण मामांनी स्वतःहून मला फोन करण्याची ही पहिलीच वेळ. मला वाटलं, शाबासकी.

"काय पाव्हणं, झाड कसलं म्हनायचं ह्ये?"

"जोस्टाबेरी, मामा. इकडचं आहे."

"आनि खाली पडलंय त्ये काय?"

"पालापाचोळा."

"फोटू मोठा करून बगितलाय मी. फुलं हायत ती."

मी फोन कानावरून काढून फोटो मोठा केला.

"फुलावर आल्यालं झाड छाटलंत?"

"एप्रिल आहे ना, मामा. खरड छाटणीचा महिना."

"आमच्यात हाय. त्या झाडाला इचारलं व्हतं का, बाबा, तुजा महिना कंचा? आनि बाग कुनाची?"

मी सांगितलं. मामांनी एक उसासा टाकला, तोही तासगावचा, लांब. "ठेवतो," म्हणाले.

बायको दुपारी घरी आली ती पावाचा वास घेऊन आणि फोन हातात धरून. "हे आजींच्या झाडांचे फोटो आहेत?"

"हो. नंतरचे."

"आधीचा दाखव."

तिनं तो बराच वेळ बघितला. मग म्हणाली, "अरे, त्यांनी तुला पाणी घालायला सांगितलं होतं. पाणी!"

"पाणीही घातलं."

"त्या यायच्या आधी दवाखान्यात जाऊन सांगायचं का आपण?"

"आजारी माणसाला कशाला त्रास?" मी म्हणालो. हा विचार मला इतका सोयीचा वाटला की मी तो दोन आठवडे चालवला.

एप्रिलच्या अखेरीस आजी परत आल्याचं कळलं. बायकोनं मिठाईचा खोका घेतला, त्यावर माफीसाठी योग्य असा साधा कागद लावून घेतला, आणि मी सायकलवर पंचवीस मिनिटं एकच वाक्य पाठ करत गेलो. घरी गाठायचं असं ठरलं होतं. पण आजी घरी नव्हत्या. काठी टेकत थेट शेतावर पोचल्या होत्या आणि झुडपांसमोर उभ्या होत्या.

मी वाक्य म्हटलं. कमरेत वाकलो. वाकलेला असतानाच मला त्यांचा हात दिसला; एका खुंटावरून त्या अंगठा फिरवत होत्या, जिथं कापलं होतं तिथंच, पुन्हा पुन्हा.

मग त्या म्हणाल्या, की छान मोकळं झालं. हवा खेळेल. आणि चहाला चला.

मी सरळ झालो आणि आतून इतका सैल झालो की काय सांगू. शेडमधल्या बाकावर बसून आजी आणि बायको बोलत होत्या, मी चहा पीत होतो आणि तांदळाचे खारे पापड खात होतो. तीन खाल्ले. दोघींपैकी कुणी माझ्याकडे बघितलं की मी हसून मान हलवत होतो. शेडच्या फळीवर सहा काचेच्या बाटल्या धुऊन पालथ्या घातल्या होत्या. मी त्यांच्याकडे बोट दाखवून कौतुकही केलं. 'सुंदर,' म्हणालो. हा शब्द मला येतो.

परतताना सिग्नलला बायको सायकलवरून उतरली.

"तू हसत काय होतास?"

"त्या रागावल्या नाहीत म्हणून."

"त्या काय सांगत होत्या ते कळत होतं तुला?"

मग तिनं तिथंच, सिग्नल दोनदा हिरवा होऊन गेला तरी, मला सगळं सांगितलं.

आजींची एक थोरली बहीण आहे, एक्याण्णव वर्षांची, होक्काइदोत. झुडपं मुळात तिची. तिकडच्या थंडीत तिनं ती कित्येक वर्षं वाढवली, छाटली, जॅम केला. मग ती वृद्धाश्रमात गेली, घर पाडलं, अंगण उखडलं. त्याआधी तिनं मुळं फुटलेल्या दोन फांद्या ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून धाकटीला पाठवल्या होत्या. टोकियोच्या उन्हाळ्यात ही झाडं जगत नाहीत असं सगळ्यांनी सांगितलं. आजींनी ती काकीच्या सावलीत लावली, दुपारचं ऊन लागणार नाही अशी, आणि मुळं गार राहावीत म्हणून बारा महिने गवतानं झाकली. जगली. दर जूनमध्ये सहा बाटल्या जॅम होतो आणि सहाच्या सहा होक्काइदोला जातात. थोरलीचं जेवण आता फार कमी झालंय. पेज घेते, आणि पेजेनंतर चमचाभर हा जॅम. बाकी कशाला नको म्हणते.

"आणि गुडघ्याचं ऑपरेशन," बायको म्हणाली, "त्यांनी एवढ्यासाठी करून घेतलं की या वर्षी बाटल्या स्वतः घेऊन जायच्या होत्या. चार वर्षांत भेटल्या नाहीत दोघी. आता म्हणतात, पुढच्या वर्षी जाईन."

मी म्हणालो, "पुढच्या वर्षी जातील की."

"एक्याण्णव, अरे," ती म्हणाली.

पुढचा सिग्नल आम्ही पाळला.

त्या आठवड्यात मी जोस्टाबेरी विकत मिळते का ते शोधलं. ताजी नाही, गोठवलेली नाही, जॅमही नाही. रोपं मिळत होती, तीही गुडघ्याएवढी. ऑफिसातल्या एका जपानी सहकाऱ्याला विचारलं तर त्यानं मला ब्लूबेरीच्या जॅमची मोठी यादी पाठवली, दयेनं. शेवटी मी मामांना फोन केला. स्वतःहून, हीसुद्धा पहिलीच वेळ.

"मामा, आता काय करू?"

"काय नगा करू," मामा म्हणाले. "तुमचं करनं झालंय. पानी घाला. फूट निगंल तशी निगू द्या. आनि सिकेटर माज्या लेकीजवळ द्या."

सिकेटर गेलं. मी रोज ऑफिसला जायच्या आधी शेतावर जाऊन पाणी घालू लागलो. पूर्वी जी गाडी मला चुकायची ती आता नियमानं चुकायला लागली. आजींना गुडघ्यामुळे खाली बसता येत नव्हतं, म्हणून जुनं गवत काढून नवं घालायचं काम मी मागून घेतलं. मागितलं म्हणजे हातवारे केले. त्यांनी कुंपणाच्या मागच्या बाजूकडे काठी केली: तिथलंही काढा.

मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी कुंपणाच्या कडेचं तण उपटत होतो. गवताखाली एक फांदी जमिनीवर आडवी लोळलेली मिळाली. कधीतरी वाकून मातीला टेकली होती, टेकली तिथं तिनं मुळं धरली होती, आणि पुढचा भाग कुंपणाच्या पलीकडून उगवून वर आला होता. हातभर लांब. तिच्यावर हिरवी, मोहरीहून जरा मोठी फळं लागलेली होती. एप्रिलात ती मला दिसली नाही म्हणून वाचली.

मी ओरडलो. आजी काठी टेकत शक्य तेवढ्या लवकर आल्या. त्यांना वाकता येईना, म्हणून मी फोटो काढून त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. त्यांनी तो हातात घेऊन लांब धरला, जवळ धरला, आणि मग त्या हसल्या. ऑपरेशननंतर मी त्यांना हसताना पहिल्यांदाच बघत होतो. त्यांनी फोनच्या काचेवर बोट ठेवून फळं मोजायला सुरुवात केली, तर फोटो सरकून पुढे आमच्या घरच्या श्रीखंडाचा आला. त्यांनी तेही मोजायचा प्रयत्न केला असावा.

ती एक फांदी आम्ही जशी सांभाळली तसं मला कुणी दहावीच्या वर्षालाही सांभाळलं नव्हतं. मामा रोज फोटो मागवायचे. "पान कुरकुरीत दिसतंय, दुपारचं ऊन लागतंय," म्हणून मी जुन्या चादरीची सावली केली. "पाखरं बगा." बघितली. तिथं बुलबुलाच्या जातीचा एक राखाडी पक्षी आहे, हियोदोरी, पिकलेलं फळ आपल्या आधी त्याला कळतं. जाळी लावली. जाळीच्या आत पहिल्याच दिवशी मी अडकलो, मग आजींनी ती स्वतः लावून दाखवली, खुर्चीवर बसून, काठीनं. मामा आणि आजी एकमेकांना कधी भेटले नाहीत, पण व्हिडिओ कॉलवर मामा तासगावच्या मांडवाखालून बोट दाखवायचे आणि आजी काठी दाखवायच्या, आणि दोघांचं एकमत व्हायचं. बहुतेक वेळा ते माझ्याबद्दल असायचं.

"त्यास्नी सांग," मामा लेकीला म्हणाले, "जावई वंगाळ न्हाई. निस्ता शिकल्याला हाय."

तिनं ते जपानीत सांगितलं. आजींनी माझ्याकडे बघून समजुतीनं मान हलवली.

जूनच्या शेवटी फळं काढली. वाटीभर. एकेका फळाचं शेंडीसारखं वाळलेलं टोक नखानं खुडायचं असतं, ते काम मला मिळालं. आजींनी लहान पातेल्यात जॅम केला. बाटली अर्धी भरली. उरलेल्या रिकाम्या अर्ध्या बाटलीकडे आम्ही तिघं बघत राहिलो. मग आजींनी कपाटातून बोटभर उंचीची दुसरी बाटली काढली, औषधाची असावी, तिच्यात तो ओतला, आणि ती काठोकाठ भरली. बायकोनं कुरिअरच्या खोक्यात भरपूर कागद कोंबला. खोक्यात बाटली शोधावी लागली असती.

आठवड्यानं आजींनी सांगितलं, की थोरलीनं तो सहा दिवसांत संपवला आणि चमचा बराच वेळ तोंडात धरून ठेवला. आश्रमातल्या बाईंनी फोन करून विचारलं होतं, आणखी कधी येणार. आजींनी सांगितलं होतं, पुढच्या जूनमध्ये. थोरलीला निरोप दिला तेव्हा ती म्हणाली, बरं, थांबते.

थांबते. बायकोनं मला तो शब्द मराठीत सांगितला आणि मेथी धुवायला निघून गेली.

त्या उन्हाळ्यात मी भुंड्या केलेल्या झुडपांना बुडापासून फूट फुटली. एवढी फुटली की सप्टेंबरपर्यंत ती माझ्या खांद्याच्या वर गेली. मी फुशारून मामांना फोटो पाठवला. "हं," मामा म्हणाले, "झाड चांगलं हाय." माझं नाव घेतलं नाही. ऑक्टोबरात ग्रुपवर गोडी छाटणीचे फोटो आले. मी घरात सहज इकडेतिकडे बघत होतो तर बायको वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाली, "माझ्या पर्समध्ये आहे. आणि पर्स मी बेकरीत नेते."

जानेवारीत थोरल्या आजींना न्यूमोनिया झाला. आजींनी आम्हाला तो दोन आठवड्यांनी सांगितला, बऱ्या झाल्यावर. ते दोन आठवडे त्या रोज शेतावर येत होत्या, गवत नीट करत होत्या, मला बघून हात करत होत्या. मी हात करत होतो. मला काही कळलं नव्हतं.

फेब्रुवारीत, झुडपं पानं गळून उघडी असतानाच, आजींनी निरोप पाठवला: दान्ना-सानना घेऊन ये, कात्रीसकट. दान्ना-सान म्हणजे यजमान. बायकोनं पर्समधून सिकेटर काढून पुरस्कार दिल्यासारखं माझ्या हातात ठेवलं.

आजी खुर्चीवर बसल्या, मांडीवर शाल. मी झुडपासमोर उकिडवा. त्यांनी आधी दाखवलं: जुनी काडी काळपट, साल खडबडीत, गेल्या वर्षीची फिकट, गुळगुळीत. फळ धरणार ते गेल्या वर्षीच्या काडीवर आणि दोन-तीन वर्षांच्या काडीवरच्या आखूड फुटव्यांवर. त्याहून जुनी असेल ती जमिनीलगत काढायची. दरवर्षी दोन-तीन म्हाताऱ्या जातात, तेवढ्याच तरण्या राहतात, म्हणजे झाड कधी थकत नाही. आणि टोकं? टोकांना हात लावायचा नाही. मी गेल्या वर्षी टोकांपासून खाली सगळं कापलं होतं आणि म्हाताऱ्या काड्यांचे खुंट तेवढे शिल्लक ठेवले होते, म्हणजे बरोबर उलटं.

मी एका काडीवर कात्री ठेवली. "ही?"

"नाही."

"ही?"

"नाही."

"मग ही?"

"हात बाजूला घ्या. हो, ती."

असं दोन तास. माझे खुंट सगळे गेले. बुडाशी दाटी करणाऱ्या, एकमेकींना घासणाऱ्या काड्या गेल्या. प्रत्येक झुडपात आठ-नऊ राहिल्या, कपाच्या आकारात मोकळ्या. आजी मध्येच म्हणाल्या, की हे सगळं त्यांना थोरलीनं फोनवरून शिकवलं, पहिल्या वर्षी, आणि त्या वेळी त्यांनीही एक चांगली काडी कापली होती. "एकच," त्यांनी बोट वर केलं.

एप्रिलात फुलं आली. या वेळी मी ती ओळखली. त्यांच्यापासून चार हात लांब उभा राहून मामांना फोटो पाठवला. मामांनी उत्तरादाखल एकच शब्द लिहिला: 'लांबच.'

आजी दर रविवारी संध्याकाळी होक्काइदोला फोन करायच्या आणि सोमवारी बायकोला सांगायच्या. फुलं आली सांगितलं. फळ धरलं सांगितलं. रंग चढायला लागला सांगितलं. थोरली फोनवर फार बोलत नव्हती, 'हं' म्हणायची. एका सोमवारी, मेच्या अखेरीस, आजी म्हणाल्या की काल 'हं' जरा हळू आलं. त्या दिवशी त्यांनी जाळी तीनदा तपासली. मी पानाखालून एक फळ चाचपून बघितलं, अजून कडक होतं. मी ते चाचपतोय हे त्यांनी बघितलं. त्याही तेच करून आल्या होत्या.

फळ घाईनं पिकत नाही. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पिकलं. सगळं एकदम नाही, म्हणून चार सकाळी थोडं थोडं काढलं, पावसाच्या सरी चुकवत. मी दोन दिवस रजा टाकली. मॅनेजरनं कारण विचारलं, मी 'कौटुंबिक' म्हणून लिहिलं. पाच बाटल्या झाल्या. सहावीत बोटभर, ती आजींनी आमच्यासाठी ठेवली.

विमानतळावर बायको त्यांना सोडायला गेली. आजींनी बाटल्या सामानात द्यायला ठाम नकार दिला होता. पण जॅम हातातल्या पिशवीत नेता येईल की नाही याची कुणालाच खात्री देता येईना, तेव्हा शेवटी बाटल्या टॉवेलांत गुंडाळून पेटीत गेल्या आणि आजी पेटीला 'सावकाश' म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायकोच्या फोनवर व्हिडिओ कॉल आला. आधी छत दिसलं, मग आजींचं कपाळ, मग आश्रमातल्या बाईंनी फोन सरळ धरला. खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत थोरल्या आजी बसल्या होत्या. फारच लहान दिसत होत्या. गळ्याभोवती रुमाल, समोर पेजेचा वाडगा रिकामा. आजी शेजारी स्टुलावर, हातात चमचा. थोरल्या आजींनी तोंड उघडलं, चमचा आत गेला, आणि त्यांनी डोळे मिटले. एक डोळा आधी. बायकोनं माझा दंड धरला तो सोडलाच नाही. मी रडत नव्हतो, सर्दी होती.

मग थोरल्या आजींनी डोळे उघडून धाकटीला काहीतरी विचारलं.

"विचारतायत, गेल्या वर्षी एवढीशीच बाटली का होती," बायको म्हणाली.

आजींनी वर्षभर हे बहिणीला सांगितलंच नव्हतं. आता सांगितलं. हातानं कात्रीची खूण केली, चार-पाच वेळा, जरा जास्तच वेळा. मग त्यांनी फोनकडे बोट दाखवलं. बायकोनं तत्परतेनं फोन माझ्याकडे वळवला. मी बसल्या जागी जेवढं वाकता येईल तेवढं वाकलो आणि माफीचं वाक्य म्हटलं.

थोरल्या आजी पुढे सरकल्या. चेहरा पडदाभर झाला. त्यांनी मला नीट निरखलं, कपाळापासून हनुवटीपर्यंत, सावकाश. मग धाकटीकडे वळून, आवाज मुळीच कमी न करता, काहीतरी म्हणाल्या. आश्रमातल्या बाई फोन धरून हसायला लागल्या, चित्र हलायला लागलं.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

बायकोला हसू आवरत नव्हतं. "म्हणाल्या, चेहऱ्यावरून तर हुशार वाटतो."